जावयाचा पोचा

आमच्या घरात गोष्टी सांगायचं काम माझ्याकडे आहे. बारसं असो, साखरपुडा असो, तेराव्याचं जेवण असो, पानं उचलली गेली की कुणीतरी म्हणतंच, "आता ह्यांना सुरू करा." मग मी सुरू होतो. मनीषा, म्हणजे माझी बायको, प्रत्येक गोष्ट पुढे कुठे वळणार हे आधीच सांगून माझी मजा घालवते. त्यामुळे सगळ्यांचा असा पक्का समज आहे की माझ्या पोटात न सांगितलेलं काही उरलेलंच नाही.

उरलं आहे. एकच आहे, पण ते मी मनीषालाही सांगितलेलं नाही. सांगायला बसलो की जीभ दुसऱ्याच गोष्टीकडे वळते, हशा होतो, चहा येतो आणि ते राहून जातं. तुम्ही मला ओळखत नाही, मध्येच हसणार नाही, चहाही आणणार नाही. म्हणून तुम्हाला सांगतो.

गाडीपासून सुरू करतो. गाडीपासून सुरू केलं की मला धीर येतो.

चाळिशी उलटल्यावर काही पुरुष पळायला लागतात, काही अध्यात्मात शिरतात. मला हॉट रॉड चावली. म्हणजे काय, हे मी सोसायटीत इतक्यांदा समजावलं आहे की वॉचमनलाही पाठ आहे. जुनी, गोलमटोल, वय झालेली गाडी निवडायची. तिचं छत कापून काढायचं, खांब आखूड करायचे आणि छत परत खाली बसवायचं, म्हणजे गाडी डोळे बारीक करून बघतेय असं वाटतं. पुढून ती जमिनीला टेकेल इतकी बसकी करायची, मागे रुंद चाकं लावायची, पोटात दुसऱ्या कुठल्या तरी दांडगट गाडीचं इंजिन घालायचं. हे सगळं मी मोबाइलवर बघत असे, जेवताना, कपडे वाळत घालताना. दिवसभर एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात दुसऱ्यांच्या कंटेनरचे कागद पुढे सरकवणारा मी, माझ्या हातून कधी खिळासुद्धा सरळ ठोकला गेलेला नाही. मनीषाने ऐकलं आणि म्हणाली, "दुधाची पिशवी कापताना अर्धं दूध ओट्यावर सांडतोस. तू गाडी कापणार?"

झालं. असं कुणी म्हणालं की माझं पुढचं ठरतंच. मी ते ऑफिसात सांगितलं, सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. सेक्रेटरींनी विचारलं, "पार्किंगमध्ये ठेवणार का? नियम बघावे लागतील." मी म्हटलं, "बघा, बघा. अख्ख्या सानपाड्यात असली गाडी कुणाकडे नसेल."

माझं सासर जासईचं. मनीषाचे वडील, त्यांना सगळे बाबाच म्हणत, मूळचे शेतकरी. जमिनी बंदरासाठी सरकारकडे गेल्या, त्यांचे पैसे आले, तेव्हा गावात लोकांनी आधी बंगले बांधले. बाबांनी आधी अँबॅसिडर घेतली, जुनीच, पांढरी. घर नंतर झालं. त्या गाडीतून निम्म्या गावाच्या बायका बाळंतपणाला गेल्या असतील. कुणी पैसे विचारले की बाबा म्हणत, "पोराला बोल, मोठा झाल्यावर गाडी धुवायला ये." अशी गाडी धुवायला आलेली, आता मिशा असलेली पोरं मी डोळ्यांनी पाहिली आहेत.

लग्नानंतर पहिल्यांदा सासरी गेलो तेव्हा बाबांनी हौसेनं किल्ली माझ्या हातात दिली. मी गाडी सुरू केली आणि सरळ नेऊन अंगणातल्या तुळशीच्या कट्ट्याला लावली. पुढच्या डाव्या मडगार्डला चांगला वाटीएवढा पोचा आला. मी गाडीतून उतरूच नये असं मला वाटत होतं. बाबा वाकले, पोच्यात तळवा ठेवला आणि मोठ्यांदा हसले. म्हणाले, "बसला बरोबर. जावयाची निशानी हाय ही. हिला कोनी हात लावायचा नाय."

आणि खरंच लावला नाही. गाडीला पुढे नवा रंग दिला, पण तो पोचा ठोकून काढू दिला नाही. लोकांना दाखवायचे. मी समोर असलो तर हमखास दाखवायचे. मला लाज वाटायची, आणि—आता सांगायला हरकत नाही—बरंही वाटायचं. माझ्या वडिलांनी माझी एखादी चूक इतक्या प्रेमानं जपल्याचं मला आठवत नाही.

मग बाबांच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला. गाडी चालवणं थांबलं. गाडी घरामागच्या जुन्या गोठ्यात गेली. पण बाबांनी तिला सोडलं नाही. रोज संध्याकाळी भिंतीला हात लावत गोठ्यात जायचे, पोच्यात तळवा टेकायचे, तिथून बॉनेटभोवती चाचपत पलीकडच्या दारापाशी, दार उघडून आत. स्टिअरिंगवर हात ठेवून बसायचे. निघायची वेळ झाली की एकदा हॉर्न वाजवायचे. तो ऐकला की सून, कविता वहिनी, चहा टाकायची. मेव्हणा हरेश ट्रेलरच्या धंद्यात, घरी कमी असायचा. तो म्हणायचा, "भावजी, ह्याच्यापेक्षा म्हशी बऱ्या होत्या. दूध तरी द्यायच्या."

आता तुम्हाला वाटेल, मी बाबांची गाडी मागितली. नाही हो. तेवढी समज होती मला. मी खांदेश्वरला एका गॅरेजच्या मागे पडलेली दुसरी अँबॅसिडर शोधली. तीही पांढरी, तोच घाट. दिसायला तर बाबांच्या गाडीहून छान. ती उचलून जासईला आणली आणि गोठ्यातच, बाबांच्या गाडीच्या शेजारी, विटांवर चढवून ठेवली. बाबा इतके खूश झाले! म्हणाले, "हिला सोबत झाली." आणि मग माझा हात हातात घेऊन, "जावय, तुमची तुमी कापा, जोडा, काय करायचं ते करा. माझी मातर हाय तशी राहू द्या."

"बाबा, तुमच्या गाडीला बोटसुद्धा लावणार नाही," मी म्हटलं. तेव्हा ते खरं होतं.

जासईजवळ यार्डांच्या आसपास कंटेनर नि ट्रेलर दुरुस्त करणारे वेल्डर आहेत. त्यातला एक मी ठरवला. त्यानं माझ्या देखण्या गाडीचा रंग घासायला घेतला आणि रंगाखालून लांबी निघाली. लांबी म्हणजे पत्र्याचे खड्डे बुजवायला लावतात ते लुकण. लांबीखाली आणखी लांबी. तिच्याखाली पत्रा नव्हताच म्हणा ना, चहात बुडवून काढलेलं बिस्किट होतं. खांबाला स्क्रू ड्रायव्हर लावला तर तो आत गेला. वेल्डर म्हणाला, "साहेब, हिचं छत कापलं तर परत कशावर बसवणार? वेल्डिंग पकडायला काहीतरी लागतं ना."

गाडी निवडताना मी रंग बघितला होता. मोबाइलवर सगळे सांगत असतात, आधी पत्रा बघा, खालून बघा, रंगावर जाऊ नका. मी दुसऱ्यांनाही तेच सांगत होतो.

मी तेव्हा थांबायला हवं होतं. काय झालं असतं? मनीषा हसली असती. ऑफिसात आठवडाभर चेष्टा झाली असती. सेक्रेटरींनी विचारलं असतं, "आली का गाडी?" बस. एवढंच. ह्याच्यापलीकडे काहीही होणार नव्हतं. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण पुढे जे केलं त्याच्यामागे काही मोठं संकट असेल असं तुम्हाला वाटू नये. मला हसतील, ह्याची भीती होती. चेष्टेच्या गोष्टी सांगून जन्म काढलेला माणूस—पण चेष्टा मी ठरवीन तेवढीच.

त्याच सुमारास बाबांना डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आणलं. उरलीसुरली नजर वाचली तर बघू, असं डॉक्टर म्हणाले होते. ऑपरेशन झालं. मनीषानं रजा घेतली, थेंब, गोळ्या, पथ्य, सगळं तिनं केलं. मीही रजा घेतली. मी म्हटलं, "तू बाबांकडे बघ, मी जासईला माझ्या गाडीचं काम बघून येतो."

आणि मी गोठ्यात गेलो.

वेल्डरनं बाबांच्या गाडीवर बोटाच्या पेरानं टकटक केलं. घंटेसारखा आवाज आला. "ही बघा. ह्याला पत्रा म्हणतात. कुणाची?"

"आपलीच," मी म्हटलं.

किती सहज निघाला तो शब्द! मी तिथंच उभा राहून मनाला समजावलं, बाबांना गाडी हवी आहे ती बसायला. दिसत तर नाही. त्यांच्या हाताला लागतं ते सगळं मी त्या दुसऱ्या गाडीत बसवलं, तर त्यांचं काय जाणार आहे? हे त्यांच्यावरचं प्रेमच नाही का एक प्रकारचं?

असं मी खरंच म्हटलं. प्रेम.

आणि मग जे काम केलं, तसं आयुष्यात कधी केलं नव्हतं, पुढेही केलं नाही. बाबांच्या बुडाच्या आकाराची, एका बाजूला कललेली सीट काढली आणि सडक्या गाडीत बसवली. स्टिअरिंग काढलं, त्याच्यावर बाबांनी गुंडाळलेल्या दोरीसकट. हॉर्न काढला. दाराचे हँडल, काच फिरवायची दांडी, डॅशबोर्डवरची एकवीरा आई, पायाखालचं झिजलेलं रबर. आतल्या वासासाठी बाबांची उदबत्ती आणून आत लावली. सडलेल्या जागी नवीन लांबी भरली, वरून पांढरा रंग मारला. प्रत्येक वस्तू बसवली की मी डोळे मिटून आत बसायचो आणि हात फिरवायचो. दुधाची पिशवी नीट न कापणारा मी!

शेवटी हातोडा घेतला. आधी बाबांच्या गाडीवरचा तो पोचा बोटांनी मापला, दिव्यापासून किती, कडेपासून किती. मग सडक्या मडगार्डवर तसाच दुसरा पाडला. दोनदा ठोकावं लागलं. पहिल्या वेळी तो तुळशीच्या कट्ट्यानं एका दमात पाडला होता.

खरी निशाणी ठोकून सपाट करायला वेल्डरला सांगितलं आणि मी बाहेर जाऊन उभा राहिलो. आवाज ऐकू येत होता.

बाबांची गाडी वेल्डरकडे यार्डात गेली आणि तिच्या जागी ही, विटांसकट; दोन्ही पांढऱ्या, त्यामुळे घरच्यांना वाटलं माझीच कामाला गेली. मग बाबांना घरी परत सोडायला आम्ही दोघं गेलो. ऑपरेशननं उजेड-अंधार कळण्यापलीकडे फार काही दिलं नव्हतं. पण बाबा खुशीत होते. गाडीतून उतरल्या उतरल्या म्हणाले, "पयले गोठ्यात." मनीषा, कविता वहिनी, हरेश, सगळेच मागून गेलो. बाबांनी नेहमीसारखा डावा हात पुढे केला आणि तळवा टेकला.

पोचा तिथं नव्हता. जरा वर होता.

मी दिव्यापासून माप घेतलं होतं. जमिनीपासून घेतलंच नव्हतं! बाबांची गाडी बसलेल्या चाकांवर खाली टेकली होती, आणि ही विटांवर चढवलेली. बाबांचा तळवा सपाट पत्र्यावर फिरला, थांबला, सरकत वर गेला, पोच्यात बसला. ते तसेच उभे राहिले.

"जावय," ते म्हणाले, "मी बुटका झालू का?"

कविता वहिनीला हसू फुटलं. मग हरेश हसला, मनीषा हसली. आणि मी—इथं, ह्याच जागी, माझ्याकडे एक वाक्य होतं. मी ते बोललो नाही. मी माझं नेहमीचं केलं.

"अहो बाबा," मी म्हटलं, "वय झालं की माणूस आकसतोच. तुम्ही आकसलात."

केवढा हशा झाला! बाबाही हसले. पुढे कित्येक महिने घरात तो विनोद चालला. कविता वहिनी पंचा वाळत घालताना म्हणायची, "हा आता बाबांना लांब होईल." आणि मला वाटलं, निभावलं.

पण माप चुकलं हे मला खात होतं. म्हणजे खोटं बोललो हे नाही, माप चुकलं हे! पुढच्या खेपेस गेलो तेव्हा बाबा आत झोपलेले पाहून मी जॅक लावला, विटा कमी केल्या, गाडी खाली आणली. पोचा आता बरोबर होता. अगदी बरोबर, जिथं असायला हवा तिथं. मला इतकं समाधान झालं की मी चहा मागून घेतला.

संध्याकाळी बाबा गोठ्यात आले, मी होतोच. त्यांनी तळवा वर टेकला, आता जिथं सवय झाली होती तिथं. पोचा नव्हता. खाली सापडला. ह्या वेळी ते काही विचारायला वळले नाहीत. त्यांनी हात उचलला, चेहऱ्यासमोर धरला, जणू दिसणारच आहे, आणि बोटं उघडमीट करून बघितली. मग दुसऱ्या हातानं त्या हाताचं मनगट धरलं. हळू म्हणाले, "ह्याचंच काय तरी बिघडलंय."

आणि त्या सगळ्यावर मी काय बोललो? "होतं बाबा असं, त्या थेंबांनी." डोळ्यात घालायच्या थेंबांनी! मी शिकलेला, डॉक्टरांशी इंग्रजीत बोललेलो. त्यांनी मानलं. दार पोकळ वाजतं, म्हणाले, तेव्हाही थेंबच.

बाबांच्या हातांबद्दल तुम्हाला सांगायला हवं, नाहीतर मी काय केलं ते कळणार नाही. डोळे गेल्यावर त्यांनी सगळा संसार हातांवर आणला होता. खाडीचा जिताडा मासा घरी आला की आधी बाबांपुढे. कल्ला उचलून बोट फिरवणार आणि सांगणार, आजचा का कालचा. कोळणी घाबरायच्या त्यांना. भिंतीला हात लावत, कुंपण मोजत गावदेवीला एकटे जाऊन यायचे. नातवंडाच्या डोक्यावर हात ठेवून ताप सांगायचे, थर्मामीटर नंतर तेच सांगायचा. "डोले गेले तर गेले," म्हणायचे, "हात हायत ना."

ते हळूहळू थांबलं. एका दिवसात नाही, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. मासा आला की म्हणू लागले, "कविता, तूच बघ." कविता वहिनी म्हणाली, "अवो बाबा, बघा की, मना काय समजतंय?" त्यांनी हात लावला, आणि मग स्वतःच म्हणाले, "नाय बाय, माझ्या हातावर नको जाऊ." गावदेवीला जाताना कुणीतरी सोबत लागू लागलं. मग काठी आली. मग जाणंच कमी झालं. मनीषा रडली एकदा. म्हणाली, "ऑपरेशनला उगाच नेलं आपण. त्यानंतरच बाबा खचले." तिला आजही तसंच वाटतं. तिला वाटतं, तिनं हट्ट धरला म्हणून झालं.

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, "तुझा काय दोष?" हे एवढं एक वाक्य मी त्या काळात खरं बोललो.

माझी गाडी मात्र झाली. खोटं कशाला बोलू, सुंदर झाली. बुटकी, रुंद, गर्द जांभळी. आरटीओला असलं कापलेलं छत चालत नाही, म्हणून ती रस्त्यावर फार निघत नाही. पार्किंगमध्ये झाकून असते, आणि रविवारी मी तिचं कव्हर काढतो आणि परत घालतो. सेक्रेटरींनी तिच्याशेजारी फोटो काढून घेतला. मनीषा म्हणाली, "मानलं बाई तुला." ह्या एका वाक्यासाठी मी ते सगळं केलं होतं. ते ऐकलं आणि मी गाडीवर कव्हर घातलं.

ती सानपाड्याला आणण्याआधी एक दिवस बाबा म्हणाले, "मना पन बसवा जावयाच्या गाडीत." यार्डाच्या मागचा रस्ता रिकामा असतो, तिथं एक फेरी मारायची ठरली. मनीषा मागे बसली. बाबा म्हणाले, "आदी चालवायच्या जागेवर बसतू. जरा." मी त्यांना बसवलं. छत खाली आलेलं, त्यामुळे मान वाकवून बसावं लागलं. सीट नवी, स्टिअरिंग नवं, सगळं नवं. मला भीती नव्हती. ओळखण्यासारखं मी काही ठेवलेलंच नव्हतं.

बाबांनी दार ओढून घेतलं. ते लागलं, जड, भरीव. बाबांनी मान जरा तिरकी केली. मग त्यांचं उजवं कोपर खिडकीच्या कडेवर गेलं. त्यांनी नेलं नाही, ते आपलं आपण गेलं. तिथं आतल्या बाजूनं, इतक्या वर्षांचं कोपर टेकून टेकून पत्रा जरासा बसला होता. मला ते ठाऊकच नव्हतं. रंगाखालूनही ती जागा तशीच राहिली होती. कोपर तिच्यात जाऊन बसलं.

बाबांचा चेहरा—काय सांगू? लग्नात गर्दीत कुणी लहानपणचा माणूस भेटावा तसा झाला. तोंड उघडलं, काहीतरी म्हणणार होते. मी दाराबाहेर उभा होतो. मला वाटलं, आता. आता ते म्हणतील, आणि मी हो म्हणेन, आणि संपेल. देवाशपथ, मी हो म्हणणार होतो. निदान आज तसं वाटतं.

त्यांनी कोपर उचललं. पोळल्यासारखं उचललं. मग दुसऱ्या हातानं ते चोळत, स्वतःशीच, जरा शरमून हसले.

"काय झालं, बाबा?" मनीषानं विचारलं.

"काय नाय गं," ते म्हणाले. "माझ्या हातांना हल्ली काय बी वाटतं."

त्यांनी ओळखली होती. आणि मग ओळख खोटी ठरवली, कारण मी त्यांना तसं शिकवलं होतं. आकसली होती ती गाडी. बाबा होते तेवढेच होते.

मी त्यांना शेजारच्या सीटवर बसवलं आणि फेरी मारली. यार्डाच्या भिंतीपर्यंत गेलो, वळलो, परत आलो. बाबा म्हणाले, "चांगली झाली. नशीबवान हायस." पहिल्यांदाच मला एकेरीत बोलले, पोरासारखं.

बाबांना जाऊन आता काही काळ झाला. कधीकधी मी स्वतःला सांगू बघतो, त्यांना सगळं कळलं होतं. त्या दिवशी कोपरानं कळलं, आणि त्यांनी मला माफ करून टाकलं, तो पोचा पाडला तेव्हा केलं तसं. गोष्ट म्हणून हे किती छान आहे! मी सांगितली तर तेराव्याच्या पंगतीतही लोक डोळे पुसतील. पण तसं झालेलं नाही. मी त्या चेहऱ्यासमोर उभा होतो. त्यांनी मला माफ केलं नाही, कारण त्यांना माझ्यावर संशयच आला नाही. संशय त्यांनी स्वतःवर घेतला आणि उरलेले दिवस तोच सांभाळत बसले.

मनीषा माझं लिहिलेलं सहसा वाचत नाही. म्हणते, घरात बोलतोस तेवढं पुरे. हे मात्र मी तिच्या हातात देणार आहे. ऑपरेशनचं ओझं तिच्याकडे आहे, ते तिचं नाही. नंतर ती काय म्हणेल, म्हणेल की नाही, ते तिचं.

एक सांगायचं राहिलं. बाबा अंथरुणाला खिळायच्या थोडं आधी हरेशच्या मुलीचा साखरपुडा होता. सगळे मांडवात, मी बाबांना आणायला खोलीत गेलो. ते पलंगाच्या कडेला पांढरा सदरा घालून बसले होते, पुढून उघडाच. मला वाटलं, गुंडी तुटली असेल. तुटली नव्हती. त्यांनी हात मांडीवर ठेवले होते, शेजारी शेजारी, परक्याचे असावेत तसे.

"जावय," ते म्हणाले, "जरा लावून देता? मी लावल्या तर वर-खाली होतील."

मी खाली बसलो आणि गुंड्या लावल्या. त्यांनी मान वर करून धरली होती, लहान मुलं धरतात तशी, माझं काम सोपं व्हावं म्हणून.